निळ्या टोपीची फौज

डोणगावच्या रात्रीच्या वर्गात एकदा असे झाले. धडा वाचून संपला होता. पाट्या-वह्या आवरायची वेळ झाली होती. तेवढ्यात मागच्या ओळीतल्या एक मावशी उठल्या. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि एक फोटो आमच्यापुढे धरला. फोटोत त्यांचा भाचा उभा होता. अंगावर आपल्याच फौजेचा गणवेश, पण डोक्यावर निळी टोपी. मागे पांढरी मोटार आणि तिच्यावर मोठी काळी इंग्रजी अक्षरे.

मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं मिलिटरीत हाय हे मले ठाऊक हाय. पन हे निळी टोपी कोनाची? अन् तिकडं सुदानात थो कोनासंग लढाले गेला? त्या लोकायचं अन् आपलं काय भांडन हाय?"

आम्ही तिथल्या तिथे चार गोष्टी सांगितल्या. तेवढ्याने मावशींचे समाधान झाले नाही. खरे म्हणजे आमचेही झाले नाही. म्हणून हा धडा लिहिला आहे.

पहिले उत्तर एवढेच की, तो कोणाशी लढायला गेलेला नाही. तो दोघांच्या मध्ये उभा राहायला गेला आहे.

हे काम आपल्याला नवे नाही. बांधावरून दोन भाऊ भांडतात. आज एकाने बांध कोरला, उद्या दुसऱ्याने धुऱ्यावरचे बाभळीचे झाड तोडले. बोलाचाली होते, काठ्या निघतात, एखाद्याचे डोके फुटते. मग गावातली चार माणसे मध्ये पडतात. ती कोणाला मारत नाहीत. नुसती बांधावर उभी राहतात. म्हणतात, "तू तिकडं हो, तू इकडं हो. मोजणीवाला येईपर्यंत कोणी बांधाला हात लावायचा नाही." पण हे कधी जमते? दोघांनी त्यांचे येणे मान्य केले तर. त्या चौघांनी कोणाची बाजू घेतली नाही तर. आणि त्यांनी आपण होऊन काठी उगारली नाही तर. यातले एक जरी सुटले, तरी तेही भांडणातले होऊन बसतात.

देशादेशांच्या भांडणात मध्ये उभे राहण्यासाठी जी माणसे पाठवतात त्यांना शांतिसेना म्हणतात. तिचेही हेच तीन नियम आहेत : दोन्ही पक्षांची संमती, कोणाची बाजू न घेणे, आणि स्वतःचा जीव वाचवण्यासाठी किंवा नेमून दिलेले काम पार पाडण्यासाठी लागेल तेवढेच बळ वापरणे. नियम वाचायला सोपे आहेत. पाळायला किती कठीण आहेत ते पुढे दिसेलच.

आता ही सेना कोणाची, ते पाहू.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्याच वर्षी बहुतेक देशांनी मिळून एक संस्था काढली. तिचे नाव संयुक्त राष्ट्रे. कोणी तिला युनो म्हणतात. आज १९३ देश तिचे सभासद आहेत. पुष्कळांना वाटते की, एवढ्या मोठ्या संस्थेची स्वतःची मोठी फौज असेल. तशी ती नाही. युनोपाशी स्वतःचा म्हणून एकही शिपाई नाही. जे काम निघेल त्या कामापुरती ती सभासद देशांकडून माणसे मागून आणते. सुगीच्या दिवसांत आपण शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणतो ना, तसेच. बैल शेजाऱ्याचे, वैरणीचा खर्च आपला, आणि काम झाले की जोडी परत.

म्हणून फोटोतल्या पोराच्या अंगावर गणवेश भारताचा आहे. त्याचा पगार भारत सरकार देते. चूक केली तर शिक्षाही आपल्याच फौजेच्या कायद्याने होते. युनोची म्हणाल तर टोपी, बाहीवरची खूण आणि मोटारीवरचा पांढरा रंग.

पण ही फौज पाठवायची कोणी ठरवायचे? युनोत पंधरा देशांची एक समिती आहे. तिला सुरक्षा परिषद म्हणतात. अमेरिका, रशिया, चीन, इंग्लंड आणि फ्रान्स हे पाच देश तिच्यात कायमचे असतात. बाकीचे दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात. फौज पाठवायची तर या परिषदेत ठराव व्हावा लागतो. ठरावाला नऊ मते हवीत. शिवाय त्या पाचांपैकी एकानेही 'नाही' म्हणता कामा नये. एकाने 'नाही' म्हटले की बाकीच्या चौदांची मते वाया जातात. आम्हाला हे न्यायाचे वाटत नाही. पण आजवर नियम हाच आहे.

ठराव म्हणजे काय, हे आपल्याला ग्रामपंचायतीवरून ठाऊक आहे. ठरावात जे लिहिले असेल तेच करता येते. टाकी बांधायचा ठराव झाला आणि त्यात नळ लिहिला नसेल, तर टाकी भरलेली असून घागर रिकामी. शांतिसेनेचेही तसेच आहे. नुसती पाहणी करायची, शस्त्रे जमा करून घ्यायची, की गोरगरिबांचे रक्षण करायचे, हे सारे ठरावात लिहिलेले असते. शिपाई किती आणि मुदत किती, तेही त्यात असते. हा कागद नीट झाला नाही, तर त्याची किंमत पुढे माणसे देतात.

ठराव झाल्यावर युनोचे अधिकारी देशोदेशी विचारतात, "तुम्ही माणसे द्याल का?" द्यायलाच पाहिजेत अशी सक्ती कोणावर नाही. कोणी पायदळाची पलटण देतो, कोणी दवाखाना देतो, कोणी रस्ते बांधणारे इंजिनिअर, कोणी हेलिकॉप्टर. मग करार होतो. तिथे पाहणी करून यावी लागते. मोटारी, तंबू, पाण्याच्या टाक्या जहाजाने जातात. यात महिनेच्या महिने निघून जातात. इकडे कागद फिरत असतो आणि तिकडे घरे जळत असतात.

सगळ्यांच्या वर बहुधा एक मुलकी अधिकारी असतो. तो युनोच्या सरचिटणिसाचा प्रतिनिधी. त्याच्या हाताखाली फौजेचा सेनापती, पोलिसांचा प्रमुख आणि बाकीची मंडळी. फौजेत पलटणी असतात, तसेच निरीक्षकही असतात. निरीक्षक म्हणजे निरनिराळ्या देशांतून एकेकटे आलेले अधिकारी. त्यांच्याजवळ शस्त्र नसते. गावोगाव फिरायचे, कोणी कुठे गोळी चालवली ते पाहायचे आणि लिहून कळवायचे. १९४८ साली युनोची पहिली मोहीम निघाली ती अशाच बिनहत्यारी निरीक्षकांची होती. ती इस्राएल आणि अरब देशांच्या मध्ये उभी राहिली.

निळी टोपी आली ती पुढे, १९५६ साली. सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला झाला होता. तो थांबल्यावर मध्ये उभी राहायला हत्यारबंद शांतिसेना प्रथमच पाठवली गेली. तिच्यात आपले जवानही होते. दहा देशांचे दहा गणवेश. दुरून ओळखायचे कसे? तेव्हा अमेरिकन फौजेच्या शिरस्त्राणांना निळा रंग फवारून ती सर्वांना वाटली. तीच टोपी मावशींच्या भाच्याच्या डोक्यावर आहे.

परंतु त्याआधी तीन वर्षे आपल्या फौजेने असेच एक काम केले होते. त्याचा सेनापती आपल्या महाराष्ट्रातला, कोल्हापूरकडचा मराठी माणूस होता. त्यांचे नाव शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात. ही हकीगत आम्ही जरा सविस्तर सांगतो.

कोरिया हा चीनच्या शेजारचा देश. १९५० साली त्याच्या उत्तर आणि दक्षिण भागांत युद्ध पेटले. उत्तरेच्या बाजूने चीन उतरला, दक्षिणेच्या बाजूने अमेरिका आणि इतर देश. तीन वर्षे माणसे मेली. शेवटी २७ जुलै १९५३ रोजी तह झाला आणि लढाई थांबली. पण एक गाठ सुटेना. दक्षिणेकडच्या छावण्यांत चीनचे आणि उत्तर कोरियाचे बावीस हजारांहून अधिक कैदी होते. ते म्हणत होते, आम्हाला घरी परत जायचे नाही. उत्तरेकडेही असे साडेतीनशे कैदी होते. कैदी खरोखरच स्वखुशीने असे म्हणत आहेत, की कोणाच्या धाकाने? दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता. तेव्हा ठरले की, कैदी तिसऱ्याच्या ताब्यात द्यावेत. हा तिसरा म्हणजे भारत.

त्यासाठी पाच देशांचे मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. आणि कैद्यांवर पहारा ठेवायला भारताचे पाच-सहा हजार सैनिक गेले, त्यांचे सेनापती मेजर जनरल थोरात. खरे सांगायचे तर ही युनोची नेहमीची शांतिसेना नव्हे. ती तहाच्या कलमाने नेमलेली राखणदार फौज होती. तिचे इंग्रजी नावही तसेच होते. पण काम तेच, बांधावर उभे राहण्याचे.

सुरुवातच अवघड झाली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष म्हणाले, भारताच्या शिपायाचे पाऊल माझ्या जमिनीवर पडू देणार नाही. म्हणून आपले जवान जहाजातून उतरले ते थेट हेलिकॉप्टरमध्ये, आणि दोन्ही फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन सोडले. तिथे त्यांनी तंबू ठोकले. त्या वस्तीला नाव दिले 'हिंदनगर'.

कैदी सोपे नव्हते. काटेरी तारेच्या प्रत्येक आवारात शेकडो कैदी. आत त्यांचे पुढारी होते. कोणी 'मला घरी जायचे आहे' असे म्हणालाच, तर त्याला तिथेच मारायला ते कमी करत नसत. आपल्या पहारेकऱ्यांवर दगड यायचे. सप्टेंबर १९५३ मध्ये एके दिवशी एका आवारातल्या कैद्यांनी आपल्या एका मेजरलाच आत ओढून नेले आणि धरून ठेवले. बाहेर हत्यारबंद जवान, आत शेकडो खवळलेली माणसे आणि त्यांच्यामध्ये आपला एक अधिकारी.

अशा वेळी सेनापतीने काय करावे? गोळीबार केला असता तर मेजरचा जीव गेला असता. कैद्यांचीही प्रेते पडली असती. 'भारत अमक्याच्या बाजूचा' अशी बोंब जगभर झाली असती. आणि नुसते बसून राहिले असते, तर उद्या दुसऱ्या आवारात तेच झाले असते. थोरात मोजक्या माणसांना घेऊन स्वतः त्या आवारात शिरले. कैद्यांशी बोलले, त्यांचे ऐकून घेतले आणि मेजरला बाहेर घेऊन आले. गोळी सुटली नाही. या धैर्याबद्दल त्यांना पुढे अशोकचक्र, दुसरा वर्ग, हे पदक मिळाले. आज त्याच पदकाला कीर्तिचक्र म्हणतात.

दर वेळी असे साधले नाही. दुसऱ्या प्रसंगांत आपल्या पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मेले. तेही सांगितलेच पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, गोड बोलले की सगळे भागते.

शेवटी किती कैदी घरी जायला तयार झाले? सहाशेच्या आसपास. बाकीचे जानेवारी १९५४ मध्ये ज्यांनी सोपवले होते त्यांच्याकडे परत गेले. आणि अठ्ठ्याऐंशी जण असे निघाले की, ते म्हणाले, आम्हाला ना इकडे जायचे, ना तिकडे. ते आपल्या जवानांबरोबर जहाजात बसून भारतात आले. पुढे त्यांतले बहुतेक ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले; थोडे इथेच राहिले. दोन्ही बाजूंनी भारताला नावे ठेवली. उत्तरवाले म्हणाले, तुम्ही त्यांच्याकडचे. दक्षिणवाले म्हणाले, तुम्ही यांच्याकडचे. बांधावर उभे राहणाऱ्याला हे ऐकावेच लागते.

आता दुसरी बाजू. मध्ये उभे राहणाऱ्याचे कोणी ऐकलेच नाही, तर काय होते?

मघाशी सांगितलेली सुएझची फौज दहा वर्षे गाझात उभी होती. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तने सांगितले, आता तुम्ही जा. संमती गेली, म्हणजे पायाखालची जमीनच गेली. फौज आवराआवर करीत होती, तोच जून महिन्यात युद्ध पेटले. आपले जवान तिथेच सापडले. दहाहून अधिक भारतीय जवान त्या गोळीबारात मेले. त्यांचे कोणाशी भांडण नव्हते.

१९९१ साली युगोस्लाव्हिया देश फुटून लढाई लागली. तिथल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती जनरल सतीश नंबियार भारताचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. एक वर्ष काम करून ते परतले. लढाई चालूच राहिली. युनोने तिथल्या स्रेब्रेनिका गावाला 'सुरक्षित जागा' असे नाव दिले होते. १९९५ च्या जुलैत हल्लेखोर गावात शिरले आणि सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. निळ्या टोपीवाले तिथे होते. पण थोडे होते आणि त्यांना थोपवता आले नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ साली, आफ्रिकेतल्या रवांडा देशात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे कापली गेली. तिथे अडीच हजारांची शांतिसेना होती. कत्तल सुरू झाल्यावर परिषदेने ठराव केला. तुम्हाला वाटेल, फौज वाढवली असेल. नाही. दोनशे सत्तर ठेवा आणि बाकीचे परत बोलवा, असा ठराव झाला. तिथे राहिलेल्या शिपायांनी जमेल तेवढ्यांना वाचवले. वर आम्ही कागदाची किंमत म्हणालो ती ही.

आणि कधीकधी मदतीला गेलेल्यांकडूनच घात होतो. २०१० साली हैती देशात शांतिसेनेच्या एका छावणीतली घाण नदीत गेली. लोक त्या नदीचे पाणी पीत होते. पटकी पसरली आणि पुढच्या काही वर्षांत दहा हजारांच्या जवळपास माणसे दगावली. युनोने यातली आपली चूक मान्य केली ती २०१६ साली. काही देशांच्या शिपायांनी बायामाणसांवर अत्याचार केल्याच्याही तक्रारी झाल्या आहेत. निळी टोपी घातली म्हणजे माणूस देव होत नाही.

आता मावशींच्या भाच्याकडे येऊ.

दक्षिण सुदान हा आफ्रिकेतला देश ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. तेव्हापासून तिथे युनोची फौज आहे आणि तिच्यात भारताच्या पलटणी आहेत. २०१९ ते २०२२ या काळात त्या साऱ्या फौजेचे सेनापती जनरल शैलेश तिनईकर होते. देश शेतकऱ्यांचा आणि गुराख्यांचा. गाय हीच तिथली इस्टेट. लग्नात नवरीसाठी गायी द्याव्या लागतात. एका जमातीने दुसरीची गुरे पळवली की बंदुका निघतात. जमीन आपल्या कपाशीच्या रानासारखीच काळी. पाऊस पडला की असा चिखल होतो की मोटारी जागच्या जागी रुततात आणि कित्येक महिने रस्ते बंद पडतात.

२०१३ च्या डिसेंबरात तिथल्या पुढाऱ्यांचेच भांडण लागले आणि घरोघरी कत्तल सुरू झाली. लोक पोरेबाळे घेऊन युनोच्या छावण्यांकडे धावले. छावण्यांची दारे उघडली गेली. पुढे पुढे अशा छावण्यांच्या आश्रयाला आलेल्यांची संख्या दोन लाखांच्या घरात गेली. अकोबो गावाच्या ठाण्यावर सशस्त्र जमाव चालून आला. आत आसरा घेतलेल्या लोकांना वाचवताना आपले दोन जवान मारले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका तांड्याला सोबत करताना दबा धरून बसलेल्यांनी पाच भारतीय सैनिकांना मारले होते. हे आम्ही मावशींपासून लपवले नाही. लपवून काय करणार? त्यांनी विचारले होतेच.

पण रोजचे काम असे नसते. रोज गस्त घालायची, धान्याच्या ट्रकांना सोबत करायची, रस्ता दुरुस्त करायचा, दवाखाना चालवायचा. आपल्या फौजेचे गुरांचे डॉक्टरही तिथे आहेत. मालाकल गावाकडे त्यांनी गुरांचा दवाखाना चालवला, गायी-शेळ्यांना लस टोचली, लोकांना जनावरांची निगा शिकवली. हे ऐकून वर्गातले एक काका हसून म्हणाले, "म्हंजे आपल्या मेहकरच्या ढोरायच्या डाक्टरावानी!" अगदी तसेच. ज्याची गाय बरी केली, तो माणूस गस्तीच्या मोटारीवर दगड मारायला लवकर धजत नाही. आमच्या मते हे बंदुकीहून कमी काम नाही.

पैशाचेही दोन शब्द. युनो दर शिपायामागे दर महिन्याला ठराविक रक्कम त्याच्या देशाच्या सरकारला देते. २०२२ च्या मध्यात हा दर १,४४८ डॉलर ठरला. हा पैसा सभासद देश वर्गणी म्हणून भरतात. श्रीमंत देशाची वर्गणी मोठी, गरिबाची लहान. अमेरिका आणि चीन यांचा वाटा सर्वांत मोठा. पण माणसे कोण देतो? नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत. पैसा एकाचा आणि पोरे दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. वर्गणीही वेळेवर येत नाही. त्यामुळे २०२५ च्या ऑक्टोबरात युनोला जगभरातले शांतिसैनिक सुमारे पाव हिश्शाने कमी करण्याचे जाहीर करावे लागले. आजवर भारताचे दोन लाख नव्वद हजारांहून अधिक लोक अशा कामावर जाऊन आले. सुमारे एकशेऐंशी परत आले नाहीत.

बायकांनीही हे काम केले आहे. २००७ साली आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात भारताने शंभरावर महिला पोलिसांची तुकडी पाठवली. शांतिकार्यात नुसत्या बायकांची अशी तुकडी जगात ही पहिलीच. त्यांना पाहून तिथल्या पुष्कळ मुली पोलिसात भरती झाल्या.

मावशींचा शेवटचा प्रश्न साधा होता. "मंग थो घरी कवा येईन?" आपल्या पलटणी बहुधा वर्षभरासाठी जातात. जाण्याआधी दिल्लीला यासाठी काढलेल्या केंद्राचे शिक्षण असते. वर्ष झाले की दुसरी पलटण जाते आणि पहिली परत येते. मधल्या काळात काही कळवायचे किंवा विचारायचे असेल, तर बुलढाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जाताना पोराचा फौजेतला नंबर आणि पलटणीचे नाव कागदावर लिहून न्यावे. मावशींनी त्या रात्री ते स्वतःच्या हाताने वहीत लिहिले. नंबर एकदा चुकला, तो खोडून पुन्हा लिहिला.

मग आम्ही भिंतीवरच्या जगाच्या नकाशापाशी गेलो. त्यावर डोणगाव नाही, मेहकरही नाही. मुंबईवर बोट ठेवले, समुद्र ओलांडला, आफ्रिकेच्या काठाला लागलो आणि आत नाईल नदीच्या निळ्या रेघेवर वरून खाली आलो. तिथे दक्षिण सुदानचे नाव बारीक अक्षरांत छापले आहे. मावशींनी ते अक्षर अक्षर लावून वाचले. तुमच्या वर्गात नकाशा असेल, तर तुम्हीही ही वाट बोटाने काढून पाहा. आणि वाटेत इजिप्त लागेल, तिथे सुएझचा कालवाही शोधा.